डोमाजीच्या हाराचं दुसरं टिंब

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण मी सांगायला लागले की मला पुन्हा राग येतो, आणि मधेच कुणी फिसकन हसलं तर चहाचा कप समोरून उचलून नेईन! माझ्या हातून जो घोळ झाला, तो नाचणगावात अजून सांगतात. मी नसले की जास्तच रंगवून सांगतात. म्हणून म्हटलं, माझा मीच सांगावा.

मला जुन्या गिलिटाच्या दागिन्यांचा नाद आहे. गिलीट म्हणजे पितळेवर सोन्याचा मुलामा. लोक त्याला ‘खोटं’ म्हणतात, आणि इथूनच माझं डोकं तापायला सुरुवात होते. खोटं काय त्यात? घडवणारा खरा, त्याची मेहनत खरी, घालून मिरवणारी बाई खरी! सोनं कपाटात निजून राहतं, गिलीट लग्नात नाचतं. पण हे सांगायचं कुणाला? शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगायला गेले तर आमचे हेडमास्तर म्हणाले, “मॅडम, रिटायरमेंट जवळ आली की असं होते.”

तर आमच्या पुलगावात पूर्वी डोमाजी नावाचा एक गिलीटवाला होता. बाजाराच्या कोपऱ्यात बसायचा. पितळेचा पत्रा कापून पोलादी ठशावर ठेवायचा, वरून हातोडी मारली की पत्र्यावर लक्ष्मी उमटायची. अशा नाण्याएवढ्या पुतळ्या ओवून तो हार करायचा. आणि प्रत्येक दागिन्याच्या पाठीवर त्याची खूण, कापसाचं एवढंसं बोंड! गिरणीतल्या कामगारांच्या बायका, खेड्यापाड्यातल्या शेतकरणी, सगळ्या त्याचंच गिलीट घालायच्या. तो गेला, त्याचे ठसे भंगारात गेले आणि त्याच्याबद्दल कुणी एक ओळ लिहून ठेवली नाही. याचाही मला राग!

म्हणून मीच लिहायला घेतलं. सुरुवात झाली सासूबाईंमुळे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला फडक्यात गुंडाळलेला डोमाजीचा पुतळ्यांचा हार दिला. “हा तुह्यावाला,” एवढंच म्हणाल्या. त्या हारानं मला वेड लावलं. एका कानातल्यासाठी मी आंजी गावाला जाऊन आले. एका म्हणजे खरंच एका, जोडीतलं दुसरं हरवलेलं होतं. वर्ध्याचे सोनार, हिंगणघाटचे कासार, सगळ्यांना प्रश्न विचारून छळलं. दोन वह्या भरल्या.

एकच कोडं सुटेना. माझ्या हाराच्या पदकामागे बोंडाखाली एक टिंब होतं. मी जमवलेल्या बाकी कुठल्याच दागिन्यावर ते नव्हतं. मग हे टिंब कशाचं? खूप डोकं चालवलं आणि ठरवून टाकलं, ही डोमाजीची सही! हा हार त्यानं मनासारखा असा एकदाच घडवला. जगात एकच! जुने दागिने जमवणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे हे ठोकून दिलं. नागपूरच्या एका गृहस्थांनी फक्त ‘पुरावा?’ असं विचारलं. त्यांच्याशी मी तीन दिवस भांडले. शेवटी ते ग्रुप सोडून गेले. एका दिवाळी अंकानं माझा लेखही घेतला. मथळा काय, तर ‘जगातला एकमेव हार’!

आता मूळ मुद्द्यावर येते.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे तुमच्या गौरी, नाचणगावला बसतात, माझ्या धाकट्या जावेकडे. वंदना तिचं नाव. दीर आणि ती भाजीपाला पिकवतात. सासूबाई गेल्या त्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या नाहीत, मागच्या वर्षी मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. म्हणजे हाराचं वेड लागल्यानंतर यंदा पहिल्यांदाच गेले. त्याआधी वीस वर्षं जात होतेच की! पण तेव्हा फुलांखाली देवीच्या गळ्यात काय आहे, हे बघायची मला अक्कल नव्हती.

जेवणाचा दिवस. दुपारची पहिली पंगत बसलेली, पुरणपोळ्या वाढणं चालू, सोळा भाज्यांचा वास घरभर. मी हळदीकुंकू वाहायला पुढे झाले आणि बघते तर काय? धाकट्या महालक्ष्मीच्या गळ्यात माझा हार!

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. गेल्याच महिन्यात वंदना डोळे तपासायला म्हणून पुलगावला आली होती आणि दुपारभर माझ्याकडे थांबली होती. म्हणजे डोळे असे तपासत होती तर!

“वंदना! हा हार इथं कसा आला?”

“कोणता हार, ताई?”

“मलेच इचारून राह्यली? माह्या कपाटातला हार तुह्या महालक्ष्मीच्या गळ्यात चालत आला का?”

“ताई, हळू बोला. पंगत बसली हाय.”

“बसू दे! पंगतीले बी कळू दे!”

आणि मी काय केलं माहीत आहे? देवीच्या गळ्यातून हार ओढून काढला! बसवलेल्या महालक्ष्मीला हात लावत नाहीत, हे नाचणगावातल्या लहान पोरीलाही कळतं. मी पस्तीस वर्षं मुलांना शहाणपण शिकवणारी बाई! हाराच्या ओढीनं मुखवटा गरकन फिरला आणि देवी भिंतीकडे बघायला लागली. पंगतीतल्या अकरा बायकांचे घास हातातच राहिले.

“अवं माय! हे का करून राह्यली ही मास्तरीण?” कुणीतरी म्हणालं.

वंदनाचा चेहरा पांढरा पडला. तिनं मुखवटा सरळ केला, देवीला हात जोडले आणि मग माझ्याकडे वळली.

“म्या चोरी केली म्हणता, ताई?”

“मंग सासूबाई सपनात येऊन देऊन गेल्या का?”

“सपनात नाई. जित्या असतानाच देल्ला.” मग ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, “भाऊजी, गाडी काढा. ताईच्या कपाटातला डब्बा घेऊन या. मले या गावात राहाचं हाय, भाजी घेऊन दारोदार जाचं हाय. चोर म्हणून कशी जाऊ?”

“आणाच!” मी ओरडले. “रिकामा डब्बा साऱ्यायले दाखवतो!”

हे निघाले. पुलगाव काय, हाकेच्या अंतरावर. पण तेवढा वेळ मी गप्प बसेन तर ना! मी पंगतीपुढे उभी राहून डोमाजीचा अख्खा इतिहास सांगायला लागले. पत्रा कसा, ठसा कसा, बोंड कसं. “आणि हे पहा, बोंडाखाली त्याची सही, एक टिंब...”

बोटाला दोन टिंबं लागली.

मी चष्मा पुसला. दोनच. शहाण्या बाईनं इथे थांबायचं की नाही? मी थांबले नाही! मी म्हटलं, “पाहा, पाहा! चोरी लपवासाठी हिनं दुसरं टिंब कोरलं!”

वंदना पाठ फिरवून मागच्या दारी गेली. तिथून तिच्या हुंदक्याचा आवाज तेवढा आला. पहिली पंगत भराभर हात धुऊन, बातमी घेऊन आपापल्या घरी पसार झाली.

दुसरी पंगत बसते न बसते तोच हे आले. डबा उघडला. आत फडकं. फडक्यात हार. पदकामागे बोंड. बोंडाखाली एक टिंब.

मला तर डोमाजीचाच राग आला!

वंदना डोळे पुसत बाहेर आली. माझ्या हातातले दोन्ही हार घेतले आणि अगदी शांतपणे म्हणाली, “एक टिंब म्हणजे मोठीचा, दोन टिंबं म्हणजे धाकटीचा. महालक्ष्म्या दोन असतेत ना, ताई? मंग डोमाजी हार बी दोन करे. अदलाबदल नोको व्हाले म्हणून टिंबं. सासूबाईनं मोठीचा मोठ्या सुनेले देल्ला, धाकटीचा मले. मोठीचा तुमच्याकडं हाय म्हणून तिच्या गळ्यात बाजारातली माळ घातली.”

मी बघितलं. खरंच, मोठीच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या मोत्यांची माळ होती. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं! आणि असं झालं की मला काय होतं? रागच येतो.

“हे तुले ठाऊक होतं, तं तीन वर्षं मले सांगतलं काऊन नाई? मी गावोगाव हिंडून राह्यली होती!”

“तुमी कधी इचारलं?”

तीन वर्षं मी सोनारांना विचारलं, कासारांना विचारलं, अनोळखी लोकांशी भांडले. पण वांगी विकणाऱ्या माझ्या जावेला गिलिटातलं काय कळणार, असं मी मनात धरून बसले होते. ‘खोटं’ म्हणणाऱ्या लोकांवर चिडते ना मी? मग मी कोण वेगळी?

मी तिची माफी मागितली. दुसऱ्या पंगतीसमोर, हात जोडून, मोठ्यानं.

“मले मिळाली माफी,” वंदना म्हणाली. “पण तुमी बोलल्या पहिल्या पंगतीत. त्या अकरा जणी साऱ्या गावाले सांगून राह्यल्या असतीन.” तिनं पुरणपोळ्यांची परात माझ्या हातात दिली. “प्रसाद घेऊन जा. एकेकीच्या दारात सांगून या.”

आणि मी गेले! नवी पैठणी नेसून, डोक्यावर ऊन, हातात परात. प्रत्येक दारात एकच वाक्य. “हार माझा नाही, वंदनानं चोरला नाही, मीच चुकले.” दुसऱ्या घरच्या बाईला ऐकू कमी येत होतं, तिथे तीनदा ओरडून सांगितलं. ते आजूबाजूच्या चार घरांना ऐकू गेलं. म्हटलं बरं झालं, तेवढंच.

पण खरा मार पुढेच होता. नाचणगावात काही घरी महालक्ष्म्यांचं जेवण दुपारी, काही घरी संध्याकाळी, म्हणून बायका एकमेकींकडे जेवायला जातात. तिसऱ्या घरी पोळी ठेवायला आत गेले, तर त्यांच्या दोन्ही महालक्ष्म्यांच्या गळ्यात डोमाजीचे हार! चौथ्या घरी तेच. पाचव्या घरी हारांबरोबर बाजूबंदही, तेही जोडीनं! वर्षभर पेटीत, तीन दिवस देवीच्या गळ्यात. कुठल्या सोनाराला दिसणार ते? सातव्या घरापर्यंत माझ्या ‘जगातल्या एकमेव’ हाराची दहा भावंडं मोजून झाली. दिवाळी अंकवाल्यांना काय तोंड दाखवू, हा विचार करत चालले होते.

एव्हाना बातमी माझ्या पुढे पळत होती. आठव्या घरी बाईनं बोलता बोलता गळ्यातली पोत पदराखाली घेतली. नवव्या घरी पोळी दारातच घेतली.

अकरावं घर एका म्हाताऱ्या आजीचं. मी उंबऱ्यावर परात टेकवली आणि घसा साफ केला. आजी धडपडत उठली, महालक्ष्म्यांच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि ओरडली,

“तिथूनच बोल वं बाई! हे दोन्ही आमचेच हायेत!”