शेवंतीमावशीचे चौकोन

मालवणजवळच्या कट्टा गावात, एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. बटणं, चेन, लेस, फॉल आणि एका कपाटात लोकर. कोकणात लोकर विकायला बसलेली बाई कशी दिसते, हे बघायलाच सुरुवातीला लोक यायचे! लोकर फारशी खपली नाही, पण एसटीची वाट बघणाऱ्या बायका आत येऊन टेकायच्या, टेकल्या की बोलायच्या, आणि एसटी आली तरी बोलणं संपायचं नाही. किस्से साठतात ते असे. लोकरीचे उरलेले तुकडे जसे फेकवत नाहीत, तसेच हेही. आता तर इतके झालेत की मी तोंड उघडलं की आमचे हे पंखा लावून झोपायला जातात.

त्यातले सगळ्यात जास्त आमच्या चौकटीचे. चौकट म्हणजे पिन लूम. तळहातावर मावेल एवढी लाकडी चौकट, तिच्या चारी कडांना बारीक खिळे. खिळ्यांना दोरा गुंडाळायचा आणि लांब सुईने दुसरा दोरा खालून-वरून, खालून-वरून न्यायचा. चौकोन तयार! असे चौकोन जोडले की पर्स करा, पिशवी करा, काय हवं ते करा. मी मोबाईलवर बघितलं आणि वेडी झाले. दुपारी दुकानात माशा मारण्यापेक्षा हे बरं, म्हणून आम्ही बसायला लागलो. मी, शेजारची लतिका, आणि निवृत्त शिक्षिका मंदाबाई. या मूळच्या आचऱ्याच्या, आता लेकाकडे असतात.

मग आली लतिकाची आई, शेवंतीमावशी. देवबागची. मालवणच्या बाजारात मासे विकण्यात तिचा जन्म गेला. शिमगा झाल्यावर तिला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. लेकीने तिला कट्ट्याला आणलं. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. पण मावशीला हाताची काळजी कमी, बाजारातल्या जागेची जास्त. ती जागा काही कागदावरची नव्हे, रोज बसेल तिची. थोडे दिवस रिकामी दिसली की दुसरी कोणीतरी माशांची पाटी टेकवते, आणि मग तिला उठवणं कोणाला जमत नाही.

त्यात शेजारी पार्वती. दोघी वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून बसतात आणि तितकीच वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. एकीचं गिऱ्हाईक दुसरीने ओढलं, एवढंच कारण. कोणी कोणाचं ओढलं ते विचारू नका. बोलायची वेळच आली तर समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचं, "तिका सांग, पाणी हयसर सोडू नको." गिऱ्हाइकाने तोंड वळवून निरोप द्यायचा, उत्तर घ्यायचं आणि मग बांगडे घ्यायचे.

मावशीने आल्या आल्या आम्हाला बजावलं, "नारळी पुनव झाली की मी माझ्या जाग्यार बसतलंय. नायतर ती पार्वती दोनय जागे गिळतली."

*

चौकटी करायला बाबी सुताराला सांगितलं. त्याने मोबाईलवरचा फोटो बघितला, मान हलवली आणि खिशातून टेप काढून प्रत्येकीचा तळहात मोजला. आम्ही म्हटलं, काय कसलेला कारागीर आहे! आठवड्याभरात फणसाच्या लाकडाच्या चौकटी आल्या. गुळगुळीत, जिच्या तिच्या हातात फिट्ट. आम्ही खुशीत विणलं आणि चौकोन जोडायला घेतले, तर एकाला एक लागेना. मंदाबाईंचा मोठा, लतिकाचा लहान, माझा भलताच.

बाबीला बोलावून सांगितलं, अरे बाबा, सगळ्या चौकटी एका मापाच्या हव्यात. तो म्हणाला, "मगे तुमी हात एका मापाचे करून घेवन येवा!"

मग कोणाचं माप धरायचं यावर चर्चा झाली. मंदाबाईंच्या मते त्यांचंच योग्य होतं. बाबी काही ऐकेना. मावशीचं माप घेताना काय झालं ते त्याने पाहिलं होतं. तिची मूठच उघडेना. तेव्हा त्याने टेप खिशात ठेवला, आपला हात तिच्या हाताखाली धरला आणि माशांच्या गप्पा मारत मारत एकेक बोट सोडवलं. तो म्हणाला, "जेका धरूक त्रास, तेच्या मापान होतली."

आमच्या सगळ्या चौकटी अजून मावशीच्या तळहाताच्या मापाच्या आहेत. मंदाबाईंच्या हातात ती खेळण्यासारखी दिसते. त्या कुरकुरतात, पण दुसरी करून देतो म्हटलं तर नको म्हणतात.

*

मंदाबाईंनी जन्मभर लाल पेन चालवलं. निवृत्त झाल्या तरी ते पर्समध्ये असतंच. आमचा चौकोन तयार झाला की त्या फूटपट्टी लावतात, उजेडाला धरतात आणि म्हणतात, "पुन्हा." माझा पहिला चौकोन पुन्हा. लतिकाचा पुन्हा. घरी सुनेने चपात्या कशा लाटायच्या, हे न विचारलेलंच बरं.

शेवंतीमावशीचा पहिला चौकोन निघाला, तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलंच नाही. एका बाजूला ताणलेला, दुसऱ्या बाजूला लोंबलेला, मध्ये बोट जाईल एवढं भोक. मंदाबाई म्हणाल्या, घरी नेते, उसवून नीट करून आणते. दुसऱ्या दिवशी तो होता तसाच परत आला. मी हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "सुई लावली हो. हात चालेना."

मग त्यांनी लाल पेन काढलं. कशावर लिहावं ते त्यांना कळेना. शेवटी मावशीचा लुळा हात हातात घेतला आणि तळव्यावर लिहिलं, "छान." लतिकाने ते आईला वाचून दाखवलं. झालं! मावशी तो हात धुवायला तयार होईना. अंघोळीच्या वेळीही लेकीला तो हात पाण्याबाहेर धरावा लागला.

*

रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, दिवसांत लतिकाने पांढऱ्या सुती दोऱ्याचा एक चौकोन विणला. मंदाबाईंनी पहिल्याच फटक्यात पास केलेला तो आमच्यातला पहिला. लतिकाने तो कौतुकाने स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडला. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर सासूबाई त्यातून आगळ गाळत होत्या! खाली पातेलं, वर चौकोन, आणि लालभडक रस टपटपतोय. लतिकाला रडू फुटायचं बाकी होतं. सासूबाई मनापासून म्हणाल्या, "गाळणा बरा आसा गो. आनीक एक कर."

ती तो ओला चौकोन तसाच घेऊन दुकानात आली. पण रंग असा काही चढला होता की आम्ही सगळ्या पाघळलो. कपाटातला पांढरा सुती दोरा काढला आणि गुंड्याच्या गुंड्या आगळात बुचकळल्या. वाळेपर्यंत आम्ही कोकणातल्या नामवंत रंगारी झालो होतो. पहिल्या धुण्यात रंगाने जो घात केला! ना लाल, ना जांभळा, ना तपकिरी. कोणी हात लावायला तयार नाही. मावशी म्हणाली, "माका दिया सगळो. माका चलता."

*

मावशीची बोटं लुळी होती, जीभ शाबूत होती. डाव्या हाताने सुई ओढताना तिला ठेका लागायचा, आणि ठेका म्हणजे पार्वतीला शिव्या. सुई वर आली की पार्वतीच्या पाटीला, खाली गेली की तिच्या सात पिढ्यांना. शिवी पुरी होईतो ओळ पुरी.

मंदाबाईंनी पहिल्या दिवशी कान झाकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुचवलं की आपण त्याऐवजी भजन म्हणूया. मावशी गुणाची, तिने लगेच भजन धरलं. सुई अडली. दोरा खिळ्यात गुंतला, तो सोडवला, पुन्हा गुंतला. सगळी दुपार गेली तरी एक ओळ होईना. मावशीच्या कपाळावर घाम आला, पण भजन सोडेना.

शेवटी मंदाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "राहू द्या ते भजन. पार्वतीच चालू द्या."

*

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्या आणि मावशीचे यजमान दत्ताकाका रिकामे झाले. अबोल माणूस. देवबागहून येऊन दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि बायको काय करते ते बघायचे. एके दिवशी त्यांनी हात पुढे करून चौकट मागितली. आयुष्यभर जाळी विणलेला माणूस, आम्ही सगळ्या कामं टाकून बघायला बसलो.

दुपारभर त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळी चौकटीसकट चौकोन हातात दिला. बघते तर जिथे दोरा दोऱ्याला भेटतो, तिथे प्रत्येक ठिकाणी गाठ! मी म्हटलं, काका, इथे गाठ मारायची नसते, दोरा नुसता खालून-वरून न्यायचा. त्यांनी माझ्याकडे अशी कीव करून बघितलं की मला माझीच दया आली.

"गाठ नाय मारलास तर मासो रवतलो कसो?"

मंदाबाईंनी तो उसवायचा चंग बांधला. सुईने बघितलं, कात्रीच्या टोकाने बघितलं. आज तो माझ्या चहाच्या पातेल्याखाली असतो. चौकट मात्र त्यातून सोडवायला बाबीला खिळे उपटावे लागले.

पण त्या दिवसापासून काका येताना जाळ्याचा फाटका तुकडा घेऊन यायला लागले. तो मावशीच्या मांडीवर पसरायचे, तिचा उजवा हात आपल्या हातात धरायचे आणि तिच्या बोटांनी गाठी मारायचे. डॉक्टरांचा रबरी चेंडू तिने कधीच कोनाड्यात टाकला होता. जाळं तिला ओळखीचं होतं. आणि एका दुपारी मी दोरा कापता कापता बघितलं, तर सुई तिच्या उजव्या हातात होती. मी लतिकाला कोपराने ढोसलं, तिने मंदाबाईंना. बोललं मात्र कोणीच नाही, कारण दृष्ट लागेल अशी प्रत्येकीला भीती.

*

आषाढात काकांनीच बाजारातली बातमी आणली. पार्वती आता पाय लांब करून बसते, पार मावशीच्या जागेवर.

आमचा संताप संताप झाला. लतिका म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन भांडते. मंदाबाई अर्ज कोणाला करायचा ते विचारायला लागल्या. मी तर शटर अर्धं खाली ओढलं होतं. बाई आजारी पडली आणि हिने पाय पसरले! आम्ही आता मावशीच्या तोंडून काय काय निघतं याची वाट बघत होतो. तिने काकांना एवढंच विचारलं,

"पाटी ठेवल्यान काय पाय?"

काका म्हणाले, "पायच. पाटी आपल्याच जाग्यार."

"बरा."

त्या दिवशी पहिल्यांदा पार्वतीच्या नावाशिवाय ओळ पुरी झाली. दुसऱ्या दिवसापासून मावशीने त्या बाद रंगाच्या दोऱ्याचे चौकोन जोडायला घेतले. बाजारात खाली घालून बसायला बसकर करते म्हणाली. चौकोनाला चौकोन लागत गेला. एका माणसाच्या बसण्याएवढं झालं तरी थांबेना. लतिकाने चिडवलं, आये, हे बसायला की लोळायला? मावशी हसली आणि पुढचा चौकोन जोडला. जोडायची सुई उजव्या हातात.

*

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या. लतिका आणि मी तिला सकाळच्या एसटीने मालवणला घेऊन गेलो. एसटीत मावशी आमच्या मधे बसली. मांडीवर पाटी, पाटीत आदाळो, म्हणजे मासे कापायची विळी, वर ते बसकर, आणि त्यावर उजवा हात. जागा मिळाली नाही तर हा हात पुन्हा मिटेल, असं मला सारखं वाटत होतं. लतिका खिडकीतून बाहेर बघत होती.

बाजार भरला होता. पार्वती समोरच दिसली. पुढ्यात बांगडे, आणि दोन्ही पाय ताठ, मावशीच्या जागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही तिघी जाऊन तिच्या पायांशी उभ्या राहिलो. पार्वतीने मावशीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा बघत होती मला.

"तिका सांग, पाय लांब करून बसान बसान माझे गुडघे गेले. किती बायो इल्यो नि गेल्यो, एकीक टेकूक दिलंय नाय."

आणि कण्हत कण्हत तिने एकेक पाय आत घेतला.

मी मान वळवून मावशीला निरोप दिला, शब्दाला शब्द. मावशी म्हणाली, "तिका सांग, वायच उठ."

मी सांगितलं. पार्वती गुडघ्यांवर हात टेकत उठली. मावशीने पाटीतून बसकर काढलं, झटकलं आणि अंथरलं. ते तिची जागा ओलांडून पार्वतीच्या जागेवर गेलं आणि तिथल्या बरोब्बर कडेपर्यंत पोचलं. मग मावशी आपल्या बाजूला बसली, आदाळो पुढ्यात घेतला आणि उजव्या हाताने त्याचं पातं पुसायला लागली.

पार्वती उभीच. तिने पायाच्या अंगठ्याने बसकराची कड चाचपली. मग बसली. जरा वेळ हात फिरवून बघितलं आणि मान वळवली.

"रंग काय गो ह्यो, कुजलेल्या रातांब्यासारो?"

मी सवयीने निरोप द्यायला मावशीकडे वळले.

"तू गप रव," मावशी मला म्हणाली. "ती माका इचारता."