संडासाची टाकी आणि चिंचेचं पाणी

धुळ्याच्या आमच्या घरात साखळी ओढायचा संडास आला तेव्हा गल्लीतली माणसं तो बघायला येत. तो आणला माझ्या थोरल्या दिरांनी, आबांनी. आबा वकील, आरोग्यावर भाषणं देत. पाहुण्यांसमोर साखळी स्वतः ओढून दाखवत. वर टांगलेल्या पाण्याच्या टाकीत मात्र त्यांनी कधी डोकावलं नाही.

वर्षाच्या आत टाकी ठिबकू लागली. आमच्या विहिरीचं पाणी जड. डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, हंड्याच्या आत चुन्याचं पांढरं कवच धरे. तेच कवच टाकीतल्या तोटीत बसलं असणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तोटी पुरती मिटेना आणि जादा पाणी बाजूच्या नळीतून भिंतीवर पडत राही. पाणक्याने संध्याकाळी भरलेला गच्चीवरचा हौद सकाळी कोरडा. स्वयंपाकाचं पाणीही त्याच हौदातलं.

आबांनी निकाल दिला. ते माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी सासूबाईंना मध्ये घालत.

"आई, धाकटीला सांग, रविवारपर्यंत गळती थांबली नाही तर संडासाला कुलूप. परसातला जुना उघडू."

"तिथवर मला नेणार कोण रे?"

"खुर्चीत बसवून नेऊ."

"शेजाऱ्यांदेखत? त्यापेक्षा जेवणच सोडते."

सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं होतं. भिंतीला धरून चार पावलं जमत, आणि घरातला संडास तेवढ्यावरच होता. त्या नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचं ताट अर्धं परत आलं.

मी कामांची यादी केली. शिडी मिळाली, पाना मिळाला, मिस्त्रीही मिळाला. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर, सारा जन्म इंजिनं उघडण्यात गेलेला. तो शिडीच्या पहिल्या पायरीवर अडला.

"बाई, ही टाकी संडासनी शे. मी हात नही लावस."

"अहो मिस्त्री, हे विहिरीचंच पाणी. आत्ता तांब्याभर प्यायलात ते हेच."

"ते पेवानं पानी व्हतं. हाई संडासनं शे."

मग संडास झाडायला येणाऱ्या बाईला विचारलं. तिने हात पाठीमागे घेतले.

"मना हात लागना ते आबा हौदमानं बठ्ठं पानी वती देतीन. वरथून मालेच बोलतीन."

तिचं खरं होतं, आबांनी सगळा हौद ओतून दिला असता. टाकीची नळी वर हौदाला जोडलेली. म्हणजे मिस्त्रीने संडासाला शिवायचं नाही आणि तिने पाण्याला शिवायचं नाही. आमच्या सुधारलेल्या घरात त्या टाकीत मोकळेपणी वावरायची मुभा फक्त चुन्याला होती.

शुक्रवारी आबा कोर्टात गेल्यावर पदर खोचून मी शिडीवर चढले. हौदाकडून येणारा नळ बंद केला, साखळी ओढून टाकी रिकामी केली आणि तोटी सोडवली. तोंडाशी बाजरीएवढे खडे, आतली चामड्याची चकती चिरलेली. पितळ दुपारभर चिंचेच्या पाण्यात ठेवून काथ्याने घासलं. नवी चकती आबांच्या टाकून दिलेल्या बुटातून कापली आणि गोडेतेलात मुरवली. सगळं बसवलं, संध्याकाळी पाणक्याने हौद भरल्यावर नळ सोडला आणि बाजूच्या नळीखाली कोरडी राख पसरली. तासाभराने पाहिलं, राख कोरडीच होती. इंजिनं उघडणाऱ्याला यात अवघड काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

शनिवारी सकाळी हौद काठोकाठ. आबा गच्चीवरून खुशीत उतरले.

"आई, मिस्त्रीने काम चोख केलं हं."

"मिस्त्रीने कुठलं? धाकटीने केलं."

आबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे संडासाला लावलेल्या हातानेच हिने नळ फिरवला? आई, तिला सांग, हौद रिकामा करून धुवून घे."

टाकीतून ठिबकून जायला अख्खी रात्र लागे तेवढं पाणी आबांनी अर्ध्या तासात मोरीत घालवलं. त्याच संध्याकाळी त्यांचं स्वच्छतेवर भाषण होतं.

सासूबाईंनी मला हाक मारली. वाटलं, शाबासकी देतील.

"आधी आंघोळ करून ये, मग मला हात दे," त्या म्हणाल्या. "कालपासून पोटभर जेवलेय मी. आता थांबवत नाही."

मी दोन तांबे अंगावर घेतले आणि त्यांना हात दिला.