चार बोटं कललेली कमान

माझे बाबा गवंडी. सगळे त्यांना ओळंबा म्हणतात, कारण दोरीला बांधलेलं ते पितळी वजन कायम त्यांच्या खिशात असतं. दवाखान्यात नंबर येईपर्यंतसुद्धा ते समोरच्या भिंतीचा कल तपासून घेतात. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. हातात थापी आली की मला घाम फुटतो, तोंड मात्र अखंड चालतं. म्हणून मी गाईड झालो.

मी दाखवतो ते टेकडीवरचं दीडशे वर्षांचं गॉथिक पद्धतीचं घर. उंच निमुळतं छप्पर, भिंतींना बाहेरून रेटून उभे असलेले दगडी खांब, पावसाचं पाणी ओकणारी दगडी जनावरं आणि वरच्या लांब दालनात टोकदार कमानींच्या बारा खिडक्या. अकरा कमानींची टोकं अगदी मधोमध आहेत. नववीचं टोक चार बोटं डावीकडे कललंय.

ती नववी बाबांची. अडतीस वर्षांपूर्वी वादळात ती खिडकी ढासळली, तेव्हा मालकीणबाईंनी बाबांना बोलावलं. कमान पेलणारा लाकडी साचा एका सुताराने करून दिला. त्याच्याच मुलीशी माझं लग्न ठरलं होतं. मी बाबांच्या हाताखाली होतो. हाताखाली म्हणजे काय, तर चुना ओला असताना मी तिला 'आमची' कमान दाखवायला घेऊन गेलो. साच्याखालचा एक टेकू मध्ये येत होता. तो काढला, तिला कमान नीट दाखवली, टेकू परत लावला. काही दिवसांनी बाबांनी साचा उतरवला, तर कमान वाकडी.

"माझा हात चुकला," बाबा मालकीणबाईंना म्हणाले. पुन्हा बांधून देतो म्हणाले, पण त्यांनीच राहू दिली. तेव्हापासून ओळंबा म्हणताना लोक जरा हसतात.

गाईड झाल्यावर निदान पाहुण्यांपुढे बापाची लाज राखायला मी एक कथा रचली. मूळ कारागिराने ही कमान मुद्दाम वाकडी ठेवली, माणसाच्या हातून निर्दोष काही घडू नये म्हणून! बावीस वर्षं हेच सांगतोय. एकदा एका आजींनी डोळे पुसले, तेव्हापासून शेवटच्या वाक्याला मी आवाजही जड करतो.

गेल्या महिन्यात डागडुजीसाठी आर्किटेक्ट बाई आल्या. त्यांनी माझी कथा वहीत उतरवून घेतली, तेव्हा मी फुग्यासारखा फुगलो. आठ दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे नकाशा पसरला.

"तुमच्या कथेवरून उलगडलं, मूळची कमान एकच उरलीय, नववी," त्या खुशीत म्हणाल्या. "बाकीच्या नंतर कुणीतरी सरळ केल्यात. त्या उतरवून आपण नववीसारख्या करतोय. सोमवारपासून."

माझं धाबं दणाणलं. गप्प बसलो तर अकरा सुंदर कमानी जाणार. बोललो तर चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाबांची अब्रू पुन्हा जाणार, आणि माझी नोकरी. खरं सांगतो, नोकरीच आधी आठवली.

शनिवारी बाबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी सदरा चढवला, चप्पल घातली आणि मला म्हणाले, "चल."

दालनात आर्किटेक्ट बाईंसमोर त्यांनी नववीपुढे ओळंबा सोडला. वजन स्थिर होईपर्यंत बाई बघत होत्या.

"ही मी बांधलेली," बाबा म्हणाले. "हात चुकला माझा. त्या अकरांना धक्का लावू नका, बाई. त्या जाणत्या माणसाच्या हातच्या आहेत."

बाईंनी नकाशा गुंडाळला. मग माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी दगडी जनावरांत जाऊन बसायला तयार होतो.

जिना उतरताना मला भरून आलं. म्हटलं, "बाबा, इतकी वर्षं मी तुमची चूक झाकली आणि शेवटी माझ्यामुळेच ती पुन्हा चव्हाट्यावर आली."

ते पायरीवर थांबले. "तो टेकू तू उलटा लावला होतास."

मी कठडा घट्ट धरला. "तुम्हाला ठाऊक होतं? मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलणार होतो?" बाबा ओळंब्याची दोरी गुंडाळत म्हणाले. "साचा तुझ्या सासऱ्याचा. टेकू उलटा लावणाऱ्याला त्याने पोरगी दिली असती का?"