शाळेपुढचा स्पीडब्रेकर

आमचे भावजी कुणाकडं जेवायला गेले तरी आधी ताटाकडं बघत नाहीत, भिंतीकडं बघतात. कोपरा जरा जरी तिरका दिसला तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मष्णू गवंडी म्हटलं की कंग्राळीपासून आमच्या गावापर्यंत लोक डोळे झाकून काम सोपवतात. लग्नाचं बघता बघता राहून गेलं. मुलगी बघायला नेलं की हे तिच्या घराचा गिलावा बघून यायचे. मी म्हणायची, "भावजी, एखाद्या भिंतीशीच लावून देऊ का तुमचं?" तर नुसते हसायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे.

मी त्यांची थोरली भावजय, माधवी. मच्छे गावातल्या कारखान्यात पॅकिंगला जाते. माझी सकाळची बस शाळेपुढं थांबते, त्यामुळं पुढं जे झालं ते मी ऐकीव सांगत नाही. माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं. असेल. पण ह्या गोष्टीत मीही बरेच दिवस ती आवरूनच धरली होती.

आमच्या गावावरनं बेळगावला जाणारा रस्ता रुंद केला, गुळगुळीत केला आणि तिथंच घात झाला. जो तो गाडी हाणत सुटला. शाळा अगदी रस्त्याला लागून. सुट्टीची घंटा झाली की पोरं फाटकातनं जी सुटतात ती थेट रस्त्यावर. तिसरीतला साईराज एका मोटारसायकलीखाली येता येता वाचला, खरचटण्यावर भागलं. मग गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी स्पीडब्रेकर पाहिजे म्हणून अर्ज दिला. रस्ते खात्याचे साहेब म्हणाले, कन्नडमध्ये लिहून आणा. कन्नडमध्ये नेला, तर म्हणाले, मंजुरी वरनं यावी लागते. वरनं म्हणजे कुठनं, ते काय कुणी सांगितलं नाही.

अशात गावातल्या भावकूच्या नव्या घराचा स्लॅब ओतला. स्लॅबचा माल उरला तर तो टाकून द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत आहे. कुणाला धुण्याची पायरी करून द्यायची, कुणाच्या गोठ्यात जमीन करून द्यायची. माल थांबत नाही, तासाभरात दगड होतो, म्हणून तिथल्या तिथं ठरवायचं. त्या दिवशी बराच उरला. मंडळाचा अध्यक्ष ओमकार म्हणाला, "मष्णूकाका, शाळेपुढं टाकूया की."

"आणि मंजुरी?"

"मंजुरी यीपर्यंत माल थांबतोय व्हय?"

सगळे हसले. बुट्ट्या भरून माल रस्त्यावर गेला. भावजींनी रंधा मारून असा काही सरळ केला की बघत राहावं. पण केला उंबऱ्यासारखा ताठ. कुणीतरी म्हणालं, जरा उतार द्या. तर म्हणाले, "उतार दिला की पोरं त्याच्यावरनं गाडी उडवत्यात. थांबायलाच पायजे." नारळ फोडला. वर ओली पोती टाकली, दोन्हीकडं दगड आणि बाभळीच्या फांद्या लावल्या, गाड्या कडेच्या मातीतनं जाऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसचा ड्रायव्हर भांडायला लागला, तेव्हा दगड काढावे लागले, पोतीही काढली. ब्रेकर नुसता मातकट, रस्त्याच्याच रंगाचा. पांढऱ्या रंगाचा डबा आणून ठेवलेला होता. पण ओल्यावर रंग धरत नाही, एक रात्र सुकू दे, भावजी म्हणाले. आणि सकाळी होती अवस, अमावस्या. पाडव्याच्या आदल्या दिवसाची अवस.

अवसेला आमच्याकडं गवंडी थापीला हात लावत नाही, कसलंच काम करत नाही. वाडवडिलांपासनं चालत आलंय, त्यात विचारायचं काय? भावजी म्हणाले, "पाडव्याला चांगल्या दिवशी मारू की रंग." सगळ्यांनी माना डोलवल्या. मीसुद्धा.

अवसेच्या सकाळी मी बस धरायला आले, तर भावजी शाळेच्या कट्ट्यावर बसलेले. काम नाही, धंदा नाही, आपला ब्रेकर न्याहाळत होते. लेकीकडं बघावं तसं. तेवढ्यात पलीकडच्या गावचा कृष्णात स्कूटरवरनं आला. बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत क्लार्क आहे, शांत माणूस, गाडी कधी जोरात मारत नाही. मागं त्याची मुलगी प्रियदर्शनी, दहावीची. पेपरला चालली होती. मांडीवर पॅड, एका हातात कंपास. चिंचेची सावली रस्त्यावर पडलेली, त्यात तो ब्रेकर काय दिसणार? भावजी उठून हात करेपर्यंत स्कूटर उडाली. कृष्णात एका बाजूला, पोरगी दुसऱ्या बाजूला. पडली ती उजव्या हातावर.

भावजींनी तिला उचललं. टेम्पो थांबवला, मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. मी बस सोडून दिली आणि बरोबर गेले. मनगटापासनं हात लोंबत होता, आणि पोरगी रडत होती ती हातासाठी नाही. "काका, माझा पेपर," एवढंच म्हणत होती. भावजी तो हात आपल्या तळव्यावर तोलून धरून बसले होते. त्यांचा शर्ट घामानं नुसता भिजला होता.

दवाखान्यात कृष्णातनं त्यांचे दोन्ही हात धरले. स्वतःचं डोकं फुटलेलं, वर पट्टी, तरी म्हणाला, "मष्णू अण्णा, तुमी हुतासा म्हणून. उपकार झालं." भावजींनी हात सोडवून घेतले आणि बाहेर जाऊन बसले.

पोलीस गावात आले. ब्रेकर कुणी केला, म्हणून विचारलं. सगळं गाव जमलेलं, आणि सगळ्या गावाच्या तोंडाला कुलूप. भावकू म्हणाला, माहीत न्हाय. ओमकार म्हणाला, माहीत न्हाय. मग पोलीस भावजींकडं वळले, कारण गवंडी तेच. भावजी खाली बघून म्हणाले, "माहीत न्हाय साहेब." त्या माणसाला मी तोवर कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मालकानं सिमेंट कमी घातलं तर त्याच्या तोंडावर सांगणारा माणूस तो.

प्रियदर्शनीचा तो पेपर गेला, त्याच्या पुढचा विज्ञानाचाही गेला. तिला सायन्सला जायचं होतं. आता पुन्हा होणाऱ्या परीक्षेला बसायचं, तोवर हात लिहिता होईल का नाही, कुणी खात्री देईना.

भावजींनी छिन्नी घेऊन ब्रेकर दोन्ही बाजूंनी तासला, उतार दिला, पांढरे पट्टे मारले. फोडूनच टाकतो म्हणत होते, पण शाळेच्या बाईंनी आणि पोरांच्या आयांनी अडवलं. पोरं सुरक्षित झालीत, हात लावू नका म्हणाल्या. आणि ते खरंही होतं. मग भावजींनी दुसरं धरलं. शाळा भरताना आणि सुटताना लाल फडकं आणि शिट्टी घेऊन रस्त्यात उभे राहायला लागले. कामावरनं सायकल दामटत यायचे, पोरं पार करून द्यायचे, परत कामावर. शाळेला सुट्टी लागली तरी मंडळाच्या अभ्यासवर्गाला पोरं यायची, तेव्हाही हे हजर. जेवण कमी झालं. हाक मारली तर दचकायचे. रात्री मधेच उठून बसायचे, विचारलं तर म्हणायचे, "वयनी, झोप न्हाय लागत, एवढंच."

मंडळाच्या पोरांना मात्र हुरूप आला. उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाल चमकपट्ट्या लावल्या, हेल्मेट नसलेल्या आईबापांना शाळेच्या फाटकात गुलाब देऊन लाजवलं. अभ्यासवर्गाला बेळगावहून सर आणले. प्रियदर्शनीही प्लॅस्टर घालून यायची, ऐकायची, डाव्या हातानं वाकडंतिकडं लिहायची. भावजींना पोरांनी चमकणारं जाकीट आणून दिलं. कुणी फोटो काढला, तो गावभर फिरला. वाईट काहीच नव्हतं हो त्यात. पण ज्याला त्याला भावजी चांगले दिसत होते, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं.

मग एक दिवस ओमकार घरी आला. परीक्षेआधी मुलांना वह्या-दप्तरं द्यायचा कार्यक्रम, आणि त्यात मष्णूकाकांचा सत्कार. "आणि शाल कुणाच्या हातनं, म्हाईत हाय का काकू? प्रियदर्शनीच्या. तिनंच सांगितलंय. काकांनी मला उचललं, मीच घालणार म्हणून."

भावजी भाकरी मोडत होते, तो हात तसाच थांबला. आणि माझं डोकं भडकलं.

"ओमकार, माल कुणी टाकायला लावला रं रस्त्यावर?"

"आता ते कशाला उकरायचं काकू? काम चांगलं चाललंय की."

"काम चांगलं चाललंय, मग त्या पोरीला सांगायला काय हुतंय?"

तो उठून गेला. मी भावजींकडं वळले. म्हटलं, "तिनं त्या मोडक्या हातानं तुमच्या खांद्यावर शाल घालायची, आणि तुमी ती घ्यायची. जमंल तुमास्नी?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "वयनी, माझ्याबरं येतासा?"

गेलो दोघं. कृष्णातचं घर नीटनेटकं, समोर बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट. त्याची बायको बायडाबाई चहा ठेवायला आत गेली. प्रियदर्शनी अभ्यास सोडून उठली. प्लॅस्टर निघालं होतं, हात बारीक झालेला, मनगट जरासं वाकडं. भावजींचं लक्ष त्या मनगटावर गेलं आणि तिथंच राहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी वाकडं काही राहू दिलं नव्हतं.

चहा आला. कप हातात घेऊन ते म्हणाले, "बाळ, तो ब्रेकर मी केलाय."

ते बोलतच राहिले. माल कसा उरला, ताठ का केला, दगड का काढले. कुणाचं नाव घेतलं नाही, ओमकारचंही नाही. शेवटी म्हणाले, "पोलिसांस्नी मी म्हाईत न्हाय म्हणून सांगितलं."

कृष्णात हळूच म्हणाला, "आणि मी तुमचं हात धरलं हुतं, अण्णा."

"व्हय."

प्रियदर्शनीनं एवढंच विचारलं, "काका, रंग का न्हाय लावला?"

"अवस हुती, बाळ."

"अवस हुती म्हणून?"

आवाज चढला नव्हता तिचा. खरंच कळून घ्यायचं होतं तिला. आणि त्या घरात, त्या पुस्तकांपुढं, तिच्या तोंडनं ते ऐकलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. आमच्यात कुणाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. भावजींनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कपात पडत होतं आणि ते पुसत नव्हते.

"आमच्यात अवस पाळत न्हाईत," कृष्णात म्हणाला. बस, एवढंच.

प्रियदर्शनी म्हणाली, "शाल मी न्हाय घालणार काका."

"नगं घालूस."

बायडाबाई कप घ्यायला आली. म्हणाली, "गार झाला. दुसरा आणती." भावजी नको म्हणाले.

सत्कार झाला नाही. वह्या-दप्तरं वाटायच्या आधी भावजींनी माईक मागून घेतला आणि ब्रेकर मी केला, पोलिसांस्नी सांगून आलोय, असं म्हणून खाली उतरले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवी दिली नाही. ओमकार खाली बघत बसला होता.

परीक्षेच्या दिवशी मी स्टॉपवर होते. कृष्णातची स्कूटर आली आणि ब्रेकरच्या अलीकडं थांबली. प्रियदर्शनी उतरली, पायी चालत पलीकडं गेली, मग पुन्हा मागं बसली. मागनं एक टिप्पर येत होता. भावजींनी लाल फडकं धरून तो अडवला. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती पास झाली, सायन्सला गेली, आता रोज कॉलेजला जाते. आणि रोज तिथं उतरून चालत जाते. भावजी रोज बघतात. मी एकदा म्हटलं, तेवढ्या वेळेला शाळेत जाऊन बसत जावा, तर म्हणाले, "बघायला पायजे वयनी."

हल्ली प्रत्येक अवसेला, गावातल्या साऱ्या थाप्या भिंतीला टेकून ठेवलेल्या असतात तेव्हा, भावजी रंगाचा डबा घेऊन रस्त्यावर बसतात. म्हातारी माणसं नावं ठेवतात. परवाच्या अवसेला पट्टे ओले असतानाच स्कूटर आली. ती उतरली. भावजी ब्रश धरून बाजूला सरकले, वर न बघता म्हणाले, "बघून, बाळ. रंग ओला हाय."

ती कडेकडेनं चालत पलीकडं गेली. स्कूटरवर बसली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"दिसतंय, काका."

स्कूटर गेली. भावजी तिथंच खाली बसले आणि राहिलेला पट्टा पुरा करायला लागले.