हळदीच्या गल्लीतली हॉकी

दहा मोठी माणसं दर रविवारी हातात काठ्या घेऊन एकाच गल्लीत जमतात म्हटल्यावर किस्से होणारच. ते गोळा करावे लागत नाहीत. आमच्या धंद्यात धुतलेल्या शर्टाच्या खिशातसुद्धा चिमूटभर हळद सापडते, तसे ते आपोआप सापडत राहतात. परवा एका लग्नात पाव्हण्यांनी विचारलं, "बाहू, या वयात हॉकी कुठली काढलीस?" मी सांगायला लागलो ते पंगत उठली तरी माझं चालूच. इथं जरा आवरून सांगतो.

माझं नाव बाहुबली. सांगलीत हळदीच्या अडतीचं दुकान आहे. नाव भारदस्त असलं तरी अंगानं मी तसा नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी रोज कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचो. घाटावर भडंगाची गाडी असायची. तीन आठवड्यांनी वजन केलं तर दीड किलोनं वाढलेलं.

अशाच एका रविवारी मी दुकानाचं कुलूप बघायला गेलो. सौदे बंद, हमाल नाहीत, ट्रक नाहीत, सिमेंटचा रस्ता झाडून ठेवल्यासारखा मोकळा. तेवढ्यात आवाज आला. टक्, टक्, टक्. शेजारच्या गोडाऊनची सिक्युरिटी बघणारे सुभेदार हॉकी स्टिकनं टेनिसचा चेंडू भिंतीवर मारत होते. माणूस साठीचा, माण तालुक्यातला, पलटणीत हॉकी खेळलेला. एवढे दिवस शेजारी असून मला हे माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "सुभेदार, मला जमेल का?"

त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि स्टिक हातात दिली. "धर."

आठवडाभर ते मला शेठ म्हणायचे. त्या दिवसापासून रविवारी सकाळी फक्त 'धर' आणि 'पळ' उरलं. मी स्टिक धरली. ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले.

"नाव बाहुबली," सुभेदार म्हणाले, "आन् काठी धरलीय अगरबत्तीगत."

*

दोघांचे चौघे झाले, चौघांचे आठ. गोलासाठी तेलाचे रिकामे डबे मांडले. गोलकीपर झाला अशपाकभाई. तो बाजारातला रिक्षावाला. त्याच्याकडे पुतण्याची क्रिकेटची पॅडं होती आणि डोक्याला स्वतःचं हेल्मेट. काच खाली घेतली की त्याला काही दिसायचं नाही आणि वर केली की भीती वाटायची. त्यामुळे प्रत्येक चेंडूच्या वेळी त्याचा एक हात काचेवरच असायचा.

नियम सुभेदारांनी दोन मिनिटांत सांगितले. स्टिकच्या सपाट बाजूनंच चेंडू मारायचा, पायाला लावायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, स्टिक गुडघ्याच्या वर न्यायची नाही.

"का म्हणून?" अशपाकभाईनं विचारलं. "वरून मारला तर जोरात जाईल की."

"काठी खाली असली तर हॉकी," सुभेदार म्हणाले. "वर गेली की भांडाण."

चेंडूची मात्र अडचण होती. टेनिसचा चेंडू सिमेंटवर बेडकासारखा उड्या मारायचा. सुभेदारांनी उपाय सांगितला. चेंडू रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, जड होतो, जमिनीलगत पळतो. ते काम माझ्याकडे आलं. मी शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातलं एक पातेलं घेतलं, दोन चेंडू बुडवले आणि वर ताट झाकून ठेवलं. शेजारी तसंच झाकलेलं आणखी एक पातेलं होतं.

सकाळी सुजाता, माझी बायको, दोन्ही ताटं उघडून उभी होती.

"मटकीला मोड आले," ती म्हणाली. "तुमच्या चेंडूंना कधी येणार?"

*

विद्याताई एका दवाखान्यात सिस्टर आहेत. रात्रपाळी संपवून घरी जाताना आमच्या गल्लीतून जायच्या. एक-दोन रविवार कडेला उभ्या राहून बघितलं, तिसऱ्या रविवारी पर्स माझ्या दुकानाच्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "एक मारून बघू का?"

पहिला फटका चेंडूच्या वरून गेला. दुसराही. सुभेदारांना वाटलं, बाईमाणसाला समजेल असं सांगावं.

"ताई, आवं सोपं हाय. घरात झाडू मारताय न्हवं? तसाच हात फिरवा."

विद्याताई शांतपणे म्हणाल्या, "सुभेदार, आमच्या घरी झाडू माझे मिस्टर मारतात."

सुभेदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मग त्यांना घिऊन या," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी प्रकाश सर आले. शाळेत गणित शिकवतात, आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावर पोचत नसेल. त्यांनी स्टिक हातात घेतली आणि पहिल्याच फटक्यात चेंडू दोन डब्यांच्या मधून काढला. आजतागायत आमच्या टीममध्ये सगळ्यांत जास्त गोल त्यांचे आहेत. विद्याताई त्यांच्याकडूनच शिकल्या.

*

एकदा गोडाऊनचं दार उघडं राहिलं होतं. आत हळद पॉलिश करताना निघालेली भुकटी ढिगानं पडलेली. चेंडू थेट त्या ढिगात गेला. मी आणायला धावलो. भिजलेल्या चेंडूमुळे बुटांचे तळ ओले होते आणि खाली गुळगुळीत फरशी. मी चेंडूपर्यंत पोचलो खरा, पण पोटावर.

मी बाहेर आलो. अशपाकभाईनं हेल्मेटची काच वर केली, बघितलं आणि परत खाली घेतली. विद्याताईंनी हाडं तपासली. काही मोडलं नव्हतं. फक्त भुवयांपासून मोज्यांपर्यंत मी पिवळा झालो होतो.

घरी पोचलो तर सासुरवाडीची चार माणसं न कळवता आलेली, बैठकीत बसलेली. सुजातानं दार उघडलं. मला वाटलं आता काही खरं नाही. पण ती बाजूला झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुणाची हळद होती?"

सासरे हसले आणि मी सुटलो. नंतर आठवडाभर आंघोळीच्या बादलीत वरणासारखं पाणी निघत होतं, तो भाग वेगळा.

*

शिरवळच्या एका कारखान्यातल्या पोरांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या पार्किंगमध्ये खेळायचं होतं. सुभेदारांचा एक पलटणीतला दोस्त तिथं नोकरीला होता, त्यानं हे जमवलं. आम्ही सातजण पहाटे टेम्पोनं निघालो. जन्मात पहिल्यांदा टीम म्हणून कुठंतरी जात होतो, त्यामुळे साताऱ्यापर्यंत कुणी झोपलं नाही.

तिथं गेल्यावर झोप उडालीच. समोर पंचवीस-सव्वीसची इंजिनियर पोरं, सगळ्यांना सारखे टीशर्ट, कार्बनच्या स्टिका. आमच्या अशपाकभाईची पुतण्याची पॅडं बघून त्यांच्यातल्या एकानं अदबीनं विचारलं, "अंकल, खेळणारे अजून यायचेत का?"

सुभेदारांनी आम्हाला गोल उभं केलं. "त्यांच्या मागं पळू नगा," ते म्हणाले. "माणूस दमतो, चेंडू दमत न्हाई. चेंडूला पळू द्या."

चेंडू पळाला. अर्ध्या तासात आठ गोल झाले, सगळे आमच्यावर. मग खेळ संपत आला असताना माझ्या बुटाची नाडी सुटली. मी त्यांच्या गोलापुढंच खाली बसलो, स्टिक शेजारी टेकवून नाडी बांधायला लागलो. प्रकाश सरांनी लांबून मारलेला चेंडू माझ्या स्टिकला लागला, वळला आणि आत गेला. मी मान वर केली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. नाडी अजून हातातच होती.

परत येताना सुभेदार एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, माणसाचा अपमान झाला. चाळीस वर्षं खेळलेल्या माणसाला आम्ही परक्या गावात आठ गोलांनी खाली पाहायला लावलं. आता रविवार बंद. टेम्पोत कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

कराडला चहाला थांबलो. सुभेदारांनी कप खाली ठेवला.

"आठ गोल खाल्लं," ते म्हणाले. "पण एकाचीबी काठी गुडघ्याच्या वर गेली न्हाई."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आन् तू रं, पोझिशन चांगली घेतलीस."

तिथून सांगलीपर्यंत आम्ही सातहीजण गाढ झोपलो.

*

एका रविवारी सात वाजले तरी सुभेदार आले नाहीत. हा माणूस सातला पाच कमी असताना डबे मांडून उभा असायचा. आम्ही खेळ सुरू केला, पण सगळ्यांचं लक्ष गल्लीच्या तोंडाकडं. सव्वासातला विद्याताईंनी स्टिक खाली ठेवली. "चला, बघून येऊ."

ते गोडाऊनच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. खाटेवर बसले होते, बनियन घामानं भिजलेला, एक हात जबड्यावर. आम्हाला बघून म्हणाले, "काय न्हाई गड्या. गॅस झालाय. तुमी व्हा फुडं, आलोच."

विद्याताईंनी त्यांचं मनगट धरलं आणि चार सेकंदांत सोडलं. "अशपाकभाई, रिक्षा."

"आवं ताई, गॅसला कुणी दवाखान्यात..."

"सुभेदार," विद्याताई म्हणाल्या, "ऑर्डर आहे."

ते गप उठले.

विद्याताई आणि अशपाकभाई त्यांना घेऊन रिक्षातनं गेले. बाकीचे आम्ही मिळतील त्या गाड्यांवर मागोमाग. घाईत कुणाला काही सुचलं नाही. दवाखान्याच्या दारात वॉचमन आडवा आला तेव्हा लक्षात आलं की आम्ही सगळे हातात हॉकी स्टिका घेऊन आत शिरत होतो. वॉचमनचा चेहरा पांढरा पडलेला. आतल्या रिसेप्शनवरच्या मुलीनं फोन उचलला होता.

"डॉक्टरांची काय चूक नाही," वॉचमन म्हणाला. "बोलून मिटवू."

प्रकाश सर पुढं झाले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "आम्ही पेशंटची टीम आहोत."

वॉचमननं आमच्या स्टिका जमा करून घेतल्या आणि चपलांना देतात तसं एका चिठ्ठीवर लिहून दिलं, 'काठ्या सात, हेल्मेट एक.' हेल्मेट रिक्षा लावून आलेल्या अशपाकभाईचं. पॅडं मात्र त्याच्या पायातच राहिली होती.

दोन तास आम्ही त्या बाकड्यांवर बसून होतो. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. शेवटी डॉक्टर बाहेर आले. तरुण होते. म्हणाले, रक्तवाहिनी बंद झाली होती, उघडली, आता धोका नाही, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

विद्याताई, ज्या रोज असलं बघतात, त्या भिंतीला टेकल्या आणि हळूहळू खाली जमिनीवर बसल्या. प्रकाश सर त्यांच्या शेजारी बसले. मी बाहेर गेलो आणि सुजाताला सकाळपासून दुसऱ्यांदा फोन लावला.

"आहेत ना?" तिनं विचारलं.

"आहेत," मी म्हटलं.

आत येऊन पाहतो तर अशपाकभाई वॉचमनच्या गळ्यात पडून रडत होता. वॉचमन त्याची पाठ थोपटत होता, दुसऱ्या हातात सात स्टिका सांभाळत.

*

त्या आजारानंतर सुभेदारांच्या मंडळी गावाहून इकडं राहायला आल्या. कमलकाकू. सुभेदार पलटणीत होते ती सगळी वर्षं काकूंनी माणातच काढली, मेंढरं, थोडं जिरायत आणि सासू-सासरे सांभाळत. बारीक चणीच्या, बोलणं मोजकं. नवऱ्याच्या गोळ्या पदराच्या गाठीला बांधून फिरायच्या.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सुभेदारांना बाहेर बसायची परवानगी दिली. काकूंनी अट घातली. खुर्चीत बसायचं, शिट्टी वाजवायची, उठायचं नाही. आम्ही गल्लीच्या मधोमध सावलीत खुर्ची मांडली. काकू मागं उभ्या राहिल्या.

सुभेदारांनी शिट्टी तोंडात धरली तेव्हा आम्हा सगळ्यांनाच जरा वेळ इकडंतिकडं बघावं लागलं. मग खेळ सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी मला चार शिव्या दिल्या आणि मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम पाचवी चूक केली.

तेवढ्यात चेंडू सुटला, गडगडत आला आणि बरोबर सुभेदारांच्या पायाशी थांबला. सगळे जागच्या जागी उभे राहिले. सुभेदार चेंडूकडं बघत राहिले. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले.

"बसा," काकू म्हणाल्या.

त्या पुढं आल्या. पदर खोचला. माझ्या हातातली स्टिक घेतली, बघितली न बघितली, चेंडू थोडा पुढं ओढून घेतला आणि ढकलला. चेंडू जमिनीला चिकटून सरळ रेषेत गेला, अशपाकभाईच्या दोन पायांमधून, दोन डब्यांमधून, आणि मागच्या शटरवर आदळला.

"काकू, मी तयार नव्हतो," अशपाकभाई म्हणाला. त्याचा हात काचेवरच होता.

काकूंनी मान हलवली. प्रकाश सरांनी दुसरा चेंडू दिला. अशपाकभाई गुडघ्यात वाकून, काच वर करून, पूर्ण तयार उभा राहिला. या वेळी चेंडू त्याच्या डाव्या बाजूनं गेला. त्याला हलायलाही जमलं नाही.

सुभेदारांच्या तोंडातली शिट्टी कधी खाली पडली होती ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"हे कवा शिकलीस गं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी स्टिकचं टोक पदरानं पुसलं आणि ती माझ्या हातात परत दिली.

"काठी घरी असायची," त्या म्हणाल्या. "तुमी नसायचा."