न्हाणीघरातले पाढे

न्हाणीघरात शिरलेला माणूस जिवंत बाहेर येईल, यावर अख्ख्या पुण्यात ज्यांचा काडीचा विश्वास नाही, असे एकच गृहस्थ मला माहीत आहेत: माझ्या बायकोचे मामा. जन्म कारखान्यात बॉयलरवर गेला, त्यामुळे असेल; पण गॅसचा गिझर दिसला की ते घरात साप निघाल्यासारखे सावध होतात. विश्रांतवाडीला त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र गिझर गॅसचाच, कारण मामींना पाणी कढत लागायचं आणि मामींपुढे मामांचं काही चालायचं नाही. कुणाकडेही गेले तरी पाण्याच्या पेल्याआधी न्हाणीघर पाहणार. मुलासाठी मुलगी पाहायला गेले, तर ती पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा हे आत स्टुलावर चढून झरोक्यात कोंबलेली वर्तमानपत्रं उपसत होते. बाहेर येऊन म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. झरोका उघडा ठेवलात तर राहीलही."

त्यांच्या घरी आंघोळीला कडी लावायची नाही आणि मोठ्याने पाढे म्हणायचे, असा नियम. एक पाढा संपला की थांबायचं, मामी स्वयंपाकघरातून "पुढे!" म्हणणार, मग पुढचा. गाणं का नको, असं मी विचारलं होतं. "अहो जावईबापू, गिझर जळताना जो विषारी वायू होतो, त्याला ना वास, ना रंग. आधी डोकं गुंगतं, मग माणूस जातो. पाढा चुकला की लगेच कळतं. गाण्यात तुम्ही शुद्धीवर असतानाही चुकता." पहिल्या दिवाळीला अंगभर उटणं लावून मी सतराच्या पाढ्यात शिरलो आणि सतरा आठ्ठे काही केल्या आठवेना. दोन क्षण गेले असतील. मामांनी सिलिंडर बंद केला, दार ढकललं आणि पंचा गुंडाळून मला थेट गॅलरीत नेलं. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी तिथूनच शुभेच्छा दिल्या. मी चिडलो होतो, पण पाढा पूर्ण म्हणून दाखवेपर्यंत मामांनी माझा हात सोडला नाही.

"मामा, त्या वायूचं यंत्र मिळतं हल्ली, भिंतीवर लावायचं," बायको दरवर्षी सांगायची. मामांचं उत्तर ठरलेलं. "यंत्र वाजेल गं. पण धावत येणार कोण?"

गेल्या पावसाळ्यात मामी गेल्या, साध्या तापाचं निमित्त होऊन. मुलगा परदेशात. मामा एकटे राहतात, आणि एकटा माणूस कडी न लावताही आत अडकू शकतो, ही काळजी आता आम्हाला लागली. बायकोने न विचारताच यंत्र आणून न्हाणीघराबाहेर लावलं.

परवा मी मुक्कामाला होतो. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं. आतून सतराचा पाढा बिनचूक संपला आणि सगळं शांत झालं. पाणी पडत होतं, पुढचा पाढा मात्र येईना. मग लक्षात आलं. मी स्वयंपाकघरातूनच ओरडलो, "पुढे!"

जरा वेळाने आवाज आला, "अठरा एके अठरा... अठरा दुणे... चौतीस."

मी धावलोच. दाराशी पोचलो आणि यंत्राकडे पाहिलं. हिरवा दिवा शांतपणे लागलेला होता. हवेत तो वायू नव्हता. मी दार ढकललं नाही. तिथेच उभा राहिलो आणि थोड्या वेळाने हळूच म्हणालो, "पुढे, मामा."