मेतकुटाच्या डब्यातली म्हातारी

फोन आला तेव्हा मी प्लास्टिकचा कचरा वेगळा करत होते. वसुधाताईंचा पुतण्या पुण्याहून बोलत होता. "मावशी, आत्या आज सकाळी इस्पितळात वारली. घर रिकामं करायला तुम्ही बघाल का?" बघते म्हटलं, आणि उरलेल्या बाटल्यांची झाकणं काढली.

जपानमधल्या त्सुकुबात आम्ही अठरा वर्षं शेजारी. ताई मक्याच्या बियाण्यांवर संशोधन करायच्या. मक्यासाठीच पहिल्यांदा मेक्सिकोला गेल्या आणि कणसांपेक्षा माणसांचेच फोटो जास्त घेऊन आल्या. मग दरवर्षी जात राहिल्या. मोठ्या शहरांत नाही. डोंगरातल्या, एक चौक आणि एक न्हावी असलेल्या गावांत. परतल्या की सायकल माझ्या दारात आडवी टाकून ओरडायच्या, "मंजू, चहा टाक! झेंडू बघ, झेंडू! अख्खं गाव पिवळं!" मी म्हणायचे, "ताई, आधी सायकल नीट लावा." "राहू दे गं! ही लुपेमावशी बघ, मक्याची भाकरी भाजतेय. कोल्हापूरची वाटते की नाही?" मी मेक्सिको पाहिलेलं नाही, पण त्या चौकातलं कुठलं कुत्रं कोणाचं, ते सांगू शकते.

त्यांचा एक नियम होता. ज्याचा फोटो काढला, त्याला प्रत पुढच्या खेपेला स्वतः नेऊन द्यायची, पोस्टानं नाही. शेवटच्या खेपेला लुपेमावशीच्या आईचा फोटो काढला होता. म्हातारीचा जन्मात कुणी फोटो काढला नव्हता. तो रोल धुवायचा राहिला आणि ताई आजारी पडल्या. इस्पितळात मला म्हणाल्या, "म्हातारीची प्रत तू ने. ती वाट बघतेय."

"ताई, मला स्पॅनिश येत नाही."

"तिलाही मराठी येत नव्हती. काय अडलं?"

घर मी दोन दिवसांत आवरलं. पण रोल… कॅमेऱ्यात नाही, कपाटात नाही. जिला शब्द दिला ती गेलेली आणि शब्द पाळायचा तर रोलच नाही, अशा अवस्थेत मी रिकाम्या खोलीत उभी. तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या जागेपाशी गाडीनं न उचललेली एकच पिशवी पडलेली दिसली, वर लाल स्टिकर: जळणाऱ्या कचऱ्यात धातू. पिशवी माझी होती! ताईंना असे स्टिकर सतत मिळायचे आणि दर वेळी मी त्यांना झापायचे. मला अठरा वर्षांत हा पहिलाच. ताईंचा फ्रीज आवरताना डबे उघडून न बघताच मी सगळं त्यात कोंबलं होतं. तिथेच रस्त्यावर पिशवी फोडली. मेतकुटाचा पत्र्याचा डबा, आत मेतकूट नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला रोल! फिल्म थंडीत टिकते, म्हणून ताई ती फ्रीजमध्ये ठेवायच्या, हे मला माहीत असून आठवलं नव्हतं.

छत्तीसच्या छत्तीस फोटो आले. म्हातारी पदराआड तोंड लपवून हसतेय, म्हणजे तिच्या शालीआड, आणि मागे तो ओळखीचा काळा कुत्रा. तिकीट काढलंय, पुढच्या महिन्यात निघते.

पत्रा टाकायचा वार बुधवार. चार बुधवार झाले, डबा माझ्याच फ्रीजमध्ये आहे. टाकणार कसा? आत प्रवासासाठी कोरा रोल ठेवलाय.